दुखण्याची गोळी बाधली तर काय करायचं?

गुडघा, पाठ, दात किंवा ऑपरेशननंतरचं दुखणं. डॉक्टरांनी गोळी लिहून दिली, आपण घेतली, दुखणं कमीही झालं. आणि दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी भलतंच काही सुरू झालं. पोटात आग पडते, पावलं सुजतात, उठून उभं राहिलं की गरगरतं, शौचाला होत नाही. मग घरात दोन तट पडतात. एक म्हणतो, "उष्ण पडली, बंद कर." दुसरा म्हणतो, "डॉक्टरांनी दहा दिवस सांगितल्यात, पुऱ्या कर." काही गोळ्यांच्या बाबतीत पहिला बरोबर असतो, काहींच्या बाबतीत दुसरा. म्हणून भांडण सुरू करण्याआधी गोळीत काय आहे ते बघायला हवं.

मी इंदूरला औषधांच्या दुकानात काउंटरच्या आतल्या बाजूला उभा असतो. रामबागेतल्या आजींपासून सुदामा नगरात नव्याने राहायला आलेल्या नोकरदार मुलांपर्यंत सगळे हेच विचारतात. ज्यांनी अशी गोळी पहिल्यांदाच सुरू केली आहे, किंवा घरातल्या म्हाताऱ्या माणसाच्या गोळ्या सांभाळायची जबाबदारी ज्यांच्यावर नव्याने आली आहे, त्यांच्यासाठी हे लिहितोय. शेवटचा शब्द तुमच्या डॉक्टरांचाच. त्यांच्याशी बोलायच्या आधी आणि नंतर आपल्या हातात काय असतं, तेवढंच इथे आहे.

हे दिसलं तर वाचत बसू नका

ओठ, जीभ किंवा पापण्या सुजल्या, घसा आवळल्यासारखा झाला, श्वासाला घरघर लागली. डांबरासारखी काळी, चिकट, घाण वासाची शी झाली किंवा उलटीत रक्त आलं. छातीत दुखतंय, एका बाजूचा हातपाय लुळा पडलाय, फिट आली. लघवी जवळजवळ बंद झाली. माणूस हलवूनही नीट जागा होत नाही, श्वास संथ चाललाय. अंगावर पुरळ आणि त्याबरोबर ताप, तोंडात फोड, लाल डोळे किंवा सोलणारी कातडी. यातलं एकही असेल तर पुढचा डोस द्यायचा नाही, १०८ ला फोन लावायचा किंवा सरळ जवळच्या मोठ्या हॉस्पिटलच्या कॅज्युअल्टीत जायचं. एम. वाय. हॉस्पिटलची कॅज्युअल्टी रात्रंदिवस उघडी असते. जाताना घरातल्या सगळ्या गोळ्यांच्या स्ट्रिप्स एका पिशवीत घालून न्या. "पांढरी, गोल गोळी होती" एवढ्यावरून कुणालाच काही कळत नाही.

लोहाच्या गोळ्यांनीही शी काळी होते, पण ती सहसा डांबरासारखी चिकट नसते आणि तसा वासही नसतो. शंका असेल तर तपासून घ्या, अंदाज बांधू नका.

आणखी एक आपल्या घरांतली गोष्ट. अंगावर लाल, खाजऱ्या गांधी उठल्या की आपण म्हणतो पित्त उठलं, आणि आमसुलाचं पाणी चोळतो. पित्त म्हटलं की दोष आदल्या रात्रीच्या जेवणाकडे जातो. कालच सुरू केलेली गोळी तशीच चालू राहते आणि पुढच्या डोसला गांधींबरोबर ओठही सुजतात. नवी गोळी सुरू असताना पित्त उठलं तर ते गोळीचं आहे असं धरूनच चाला, पुढचा डोस थांबवा आणि डॉक्टरांना फोन करा. आमसूल हवं तर चोळा, त्याने नुकसान नाही.

पहिलं काम: स्ट्रिप उलटी करा

पुढे ठळक अक्षरात कंपनीने दिलेलं नाव असतं. मागे बारीक अक्षरात खरं औषध असतं, ते वाचायचं. दुकानदार स्ट्रिप कापून चार गोळ्या देतो तेव्हा नेमका नावाचा आणि तारखेचा भाग त्याच्याकडे राहतो. अशा वेळी निदान फोटो काढून घ्या. दुकानदाराने तोंड वाकडं केलं तरी काढा.

दुखण्याच्या गोळ्यांची ढोबळ पाच घराणी आहेत. सूज उतरवणारी: आयब्युप्रोफेन, डायक्लोफेनॅक, ॲसेक्लोफेनॅक, नॅप्रोक्सेन, मेफेनॅमिक ॲसिड, एटोरिकॉक्सिब. दुसरं पॅरासिटामॉल, ते एकटंच. तिसरी अफूच्या जातीची: ट्रॅमाडॉल, टॅपेंटाडॉल. चौथी नसांच्या दुखण्यावरची: प्रेगाबॅलिन, गॅबापेंटिन, ॲमिट्रिप्टिलिन, नॉरट्रिप्टिलिन. पाचवी आखडलेले स्नायू सैल करणारी: थायोकोल्चिकोसाइड, क्लोरझॉक्साझोन, टिझानिडिन. आपल्याकडे एकाच गोळीत दोन-तीन घराणी एकत्र नांदतात, त्यामुळे घोळ होतो.

उदाहरण घ्या. कंबरेसाठी ॲसेक्लोफेनॅक-पॅरासिटामॉलची गोळी दिवसातून दोनदा. त्यात पॅरासिटामॉल ३२५ मिग्रॅ, म्हणजे दिवसाचे ६५०. दुखणं फार म्हणून ट्रॅमाडॉल-पॅरासिटामॉल तीनदा, त्यात परत ३२५, म्हणजे ९७५. मध्येच कणकण वाटली म्हणून घरातली ६५० ची तापाची गोळी तीनदा, म्हणजे १९५०. बेरीज ३५७५ मिग्रॅ. धडधाकट माणसासाठी दिवसाची कमाल मर्यादा ४००० मिग्रॅ आहे. वजन कमी असेल, लिव्हरचं दुखणं असेल किंवा रोज दारू होत असेल तर मर्यादा त्याहून खाली येते. आणि या माणसाला विचारलं तर तो म्हणेल, पॅरासिटामॉल मी तापापुरतंच घेतो.

दुसरं काम: एक चिठ्ठी लिहा

फोनवर डॉक्टरांना "बरं वाटत नाहीये" म्हटलं तर ते तरी काय सांगणार? पाठकोऱ्या कागदावर असं लिहा:

"ॲसेक्लोफेनॅक १०० + पॅरासिटामॉल ३२५. सोमवारी रात्री सुरू. सकाळी ९ ला पोह्यांनंतर, रात्री १० ला जेवणानंतर. बुधवारी दुपारपासून पोटात जळजळ, रात्री जास्त. शी नेहमीसारखी. उलटी एकदा, रक्त नाही. रोजच्या गोळ्या: टेल्मिसार्टन-एच सकाळी, मेटफॉर्मिन दोनदा. वय ६८. पूर्वी अल्सर: हो, खूप वर्षांपूर्वी."

एवढं वाचून दाखवलं की डॉक्टरांचा निर्णय बहुतेक वेळा दोन मिनिटांत होतो. रोजच्या गोळ्यांमध्ये आयुर्वेदिक काढे, होमिओपॅथीच्या गोळ्या, गुडघ्यासाठी कुणीतरी आणून दिलेली पुडी हेही लिहा. नाव-गाव नसलेल्या सांधेदुखीच्या पुड्यांमध्ये स्टेरॉइड किंवा डायक्लोफेनॅक मिसळलेलं सापडतं. वरून डॉक्टरांची गोळी घेतली की एकाच औषधाचा मारा दुप्पट होतो.

तिसरं काम: थांबवायची की नाही ते ठरवणं

सूज उतरवणारी गोळी आणि पॅरासिटामॉल एकदम थांबवलं तरी शरीर त्यावर रुसत नाही. दुखणं परत येईल, बाकी काही नाही. त्रास होत असेल तर पुढचा डोस टाळा आणि डॉक्टरांना कळवा. अँटिबायोटिकसारखा "कोर्स पुरा करण्याचा" नियम या गोळ्यांना लागू नाही. अपवाद एकच, आणि तो फार महत्त्वाचा. हृदयासाठी किंवा स्टेंटनंतर दिलेली ७५ मिग्रॅची ॲस्पिरिन ही दुखण्याची गोळी नव्हे. ती स्वतःच्या मनाने बंद करायची नाही.

ट्रॅमाडॉल, टॅपेंटाडॉल, प्रेगाबॅलिन, गॅबापेंटिन, ॲमिट्रिप्टिलिन यांचं उलटं आहे. दोन-चार दिवसच घेतली असतील तर फारसा प्रश्न येत नाही, पण आठवडे झाले असतील तर एकदम तोडली की घाम, बेचैनी, झोप उडणं, जुलाब असं काहीही होऊ शकतं. प्रेगाबॅलिन झटक्यात थांबवल्यावर काहींना फिटही आली आहे. ही उतरवत आणायची असतात, निदान आठवडाभर, आणि किती उतरवायची ते डॉक्टर सांगतील. वर सांगितलेली धोक्याची लक्षणं असतील तर मात्र आधी हॉस्पिटल, मग हिशेब.

काउंटरवर एक वाक्य मी सतत ऐकतो: "दादा, ही उष्ण पडते, दुसरी द्या ना." दुसरी म्हणजे बहुतेक वेळा त्याच घराण्यातली. डायक्लोफेनॅकने पोट बिघडलं म्हणून आयब्युप्रोफेन घेतलं तर पोटाला काय फरक पडणार? शिवाय पहिली अजून रक्तात असते. ॲसेक्लोफेनॅक काही तासांत उतरतं, पण एटोरिकॉक्सिबचा निम्मा अंश तब्बल २२ तासांनंतरही शिल्लक असतो. तिच्यावर लगेच दुसरी गोळी म्हणजे दोन्ही एकदम घेतल्यासारखं.

पोट आणि किडनी: यांच्यावर जरा जास्त बोलतो

दुखऱ्या जागी प्रोस्टाग्लँडिन नावाची रसायनं तयार होतात, त्यांच्यामुळे सूज येते आणि ठणकतं. सूज उतरवणारी गोळी ही रसायनं बनूच देत नाही. अडचण अशी की हीच रसायनं जठराचं अस्तरही राखतात आणि किडनीकडे जाणारा रक्तपुरवठाही सांभाळतात. गोळी गुडघ्याला ओळखत नाही, सगळीकडचाच पुरवठा तोडते. त्यामुळे "इंजेक्शन घेतलं की पोटाला त्रास नाही" हा समजही खोटा. औषध रक्तातून जठरापर्यंत पोचतंच. भरल्या पोटी गोळी घेतल्याने मळमळ आणि चुरचुर कमी होते, म्हणून तशी घ्याच, पण त्याने अल्सर टळेलच असं नाही.

पोट सांभाळायला डॉक्टर पॅन्टोप्राझोल लिहितात. ती खाण्याच्या अर्धा तास आधी घ्यायची. आपल्याकडे काय होतं, सकाळी पोहे-जलेबी झाली, वर जिरावन मसाला भुरभुरलेली शेव झाली, आणि मग दोन्ही गोळ्या एकदम चहाबरोबर. मग पॅन्टोप्राझोलचा पुरता उपयोग होत नाही. गुलकंद, गार दूध यांनी घटकाभर बरं वाटतं. वाटू दे. पण दोन दिवस गुलकंद लागतोय म्हणजे फोन करायची वेळ झाली. सोड्याच्या फसफसणाऱ्या पुड्या ब्लडप्रेशरवाल्यांनी घेऊ नयेत, त्यात सोडियम भरपूर असतं. पूर्वी अल्सर झालेल्यांनी, पासष्टीच्या पुढच्यांनी, रक्त पातळ करणाऱ्या किंवा स्टेरॉइडच्या गोळ्या घेणाऱ्यांनी ही गोष्ट डॉक्टरांना आधीच सांगायची, पोट दुखायची वाट बघायची नाही.

किडनीचं प्रकरण जास्त फसवं, कारण ती दुखत नाही. पावलं सुजणं, दोन-तीन दिवसांत वजन वाढणं, लघवी कमी होणं, एरवी ताब्यात असलेलं ब्लडप्रेशर चढणं, एवढीच काय ती खूण. सर्वात जास्त धोका तीन गोळ्या एकत्र आल्या की असतो: ब्लडप्रेशरची टेल्मिसार्टन किंवा रॅमिप्रिल, लघवी वाढवणारी गोळी आणि वर दुखण्याची गोळी. लोक म्हणतात, "लघवीची गोळी मी घेतच नाही." स्ट्रिपवर टेल्मिसार्टनच्या नावापुढे "एच" असेल तर तुम्ही ती घेता. तो एच म्हणजे हायड्रोक्लोरोथायझाइड. मे महिन्यात आपल्याकडे पारा चाळिशीच्या वर जातो, पाणी कमी पडतं, त्यातच जुलाब लागले तर या तिघी मिळून किडनी निकामी करू शकतात. अशा दिवशी दुखण्याची गोळी टाळा, आणि ब्लडप्रेशरच्या गोळीचं काय करायचं ते त्याच दिवशी विचारा. दुखणं लांबलं आणि गोळी दोन-तीन आठवड्यांवर गेली तर क्रिएटिनिन (किडनीचं काम कसं चाललंय ते सांगणारी रक्ताची तपासणी) तपासायचं का, हा प्रश्न तुम्हीच काढा.

गिधाडं आठवतात? डायक्लोफेनॅक दिलेल्या जनावरांची मढी खाऊन त्यांची किडनी निकामी व्हायची, त्यातच ती लाखोंनी मेली. म्हणून २००६ मध्ये आपल्या सरकारने जनावरांसाठीच्या डायक्लोफेनॅकवर बंदी घातली. माणसाचं शरीर हे औषध बरंच चांगलं पचवतं, पण ते किडनीपर्यंत पोचतं हे विसरू नये.

पावसाळ्यात डेंग्यूची साथ असते तेव्हा ताप आणि अंगदुखी एकत्र आली तर सूज उतरवणाऱ्या घराण्यातली गोळी घ्यायचीच नाही, रक्तस्राव वाढू शकतो. तेव्हा फक्त पॅरासिटामॉल. दम्याच्या काही रुग्णांना सूज उतरवणाऱ्या गोळ्यांनी धाप लागते. गरोदरपणात डॉक्टरांना विचारल्याशिवाय हातही लावू नका. याच घराण्यातलं निमेसुलाइड बारा वर्षांखालच्या मुलांना द्यायला २०११ पासून मनाई आहे, पण घराच्या डब्यातून अजून दिलं जातं.

पाळीच्या दुखण्यावर सर्रास घेतलं जाणारं मेफेनॅमिक ॲसिड. त्याबद्दल नोव्हेंबर २०२३ मध्ये इंडियन फार्माकोपिया कमिशन या औषधांवर लक्ष ठेवणाऱ्या सरकारी संस्थेने इशारा दिला होता: काही जणांना त्यामुळे ड्रेस सिंड्रोम नावाची गंभीर ॲलर्जी होते. ताप, अंगभर पुरळ, सुजलेल्या गाठी, आतल्या अवयवांना इजा. हे गोळी घेतल्यावर लगेच दिसत नाही, दोन ते आठ आठवड्यांनी दिसतं, तोवर गोळी कुणाच्या लक्षातही नसते. दुर्मीळ आहे, घाबरून जायचं कारण नाही. पण पुरळ आणि ताप घेऊन गेलात तर मागच्या दोन महिन्यांत काय काय घेतलं ते सांगा.

गुंगी, चक्कर, बद्धकोष्ठता

प्रेगाबॅलिनने सुरुवातीला झोप आणि चक्कर येते, बऱ्याच जणांना आठवड्या-दोन आठवड्यांत ती कमी होते. पहिला डोस रात्री झोपताना घेता येईल का ते डॉक्टरांना विचारा. तोवर स्कूटर घेऊन पलासियाच्या चौकात जायचं नाही. म्हातारी माणसं रात्री लघवीला उठतात आणि पडतात. तेव्हा बाथरूमचा दिवा चालू ठेवा, पलंगाच्या कडेला मिनिटभर बसून मग उठायची सवय लावा. पाय सुजणं आणि नजर धूसर होणं हेही या गोळीने होतं, डोळ्याचा नंबर बदलायच्या आधी हे लक्षात घ्या.

झोप आणणाऱ्या कुठल्याही गोळीवर दारू नको. रंगपंचमीला गेर, म्हणजे रंगांची मिरवणूक, बघायला जाताना कुणी ठंडाई पुढे केली तर त्यात भांग आहे का ते आधी विचारा. ट्रॅमाडॉल किंवा प्रेगाबॅलिन पोटात असताना भांग ही गंमत राहत नाही.

ट्रॅमाडॉलने मळमळ होते, ती काही दिवसांत बसते. बद्धकोष्ठता मात्र आपोआप जात नाही. आपला हात लगेच इसबगोलाकडे जातो, पण अफूच्या जातीच्या औषधाने आतडंच मंदावलेलं असतं, त्यात भुशी फुगून अडकून बसते. इथे लॅक्ट्युलोजसारखं सिरप किंवा बिसाकोडिल जास्त उपयोगी. गोळीबरोबर तेही लिहून द्या, असं डॉक्टरांना पहिल्याच भेटीत सांगितलं तर उत्तम. डिप्रेशनची गोळी चालू असेल तर ट्रॅमाडॉल घेण्याआधी ती दाखवाच. दोन्ही मिळून थरथर, घाम, बेचैनी, धडधड सुरू झाली तर त्याच दिवशी डॉक्टर गाठा, ताप किंवा असंबद्ध बडबड असेल तर कॅज्युअल्टी.

टिझानिडिनवाल्यांसाठी खास इंदुरी सूचना. मान आखडली म्हणून ही गोळी चालू, शनिवारी रात्री सराफ्याच्या खाऊगल्लीत मनसोक्त खाल्लं, रविवारी पोट बिघडलं, आणि घरात उरलेली सिप्रोफ्लॉक्सासिन घेतली. या दोन गोळ्या एकत्र घ्यायच्याच नाहीत. सिप्रोमुळे टिझानिडिनचं रक्तातलं प्रमाण कित्येक पटीने वाढतं आणि ब्लडप्रेशर धाडकन खाली येतं. क्लोरझॉक्साझोनने कधीकधी लघवी नारिंगी होते, ती दिसली म्हणून घाबरायला नको. पण डोळे पिवळे दिसले तर लगेच दाखवा.

नंतरची कामं

ज्या औषधाची ॲलर्जी निघाली त्याचं कंपनीने दिलेलं नाव लिहून ठेवू नका, आतल्या औषधाचं लिहा. कारण तेच औषध दहा नावांनी मिळतं. आधार कार्डाच्या मागे चिठ्ठी ठेवा, फोनमध्ये नोंद करा आणि दंतवैद्यापासून सगळ्यांना दाखवा.

दुष्परिणाम सरकारला कळवता येतो, हे फार थोड्यांना माहीत आहे. २०१० पासून देशात त्यासाठी औषध-सुरक्षा कार्यक्रम चालू आहे, त्याचं मुख्य केंद्र गाझियाबादला आहे. १८००-१८०-३०२४ हा मोफत क्रमांक कामकाजाच्या दिवशी लागतो. रुग्णांसाठीचा फॉर्म मराठीतही आहे. त्यात नावाची आद्याक्षरं, वय, औषध, कधी सुरू केलं, काय झालं, एवढंच विचारतात. त्रास त्या गोळीनेच झाला हे तुम्ही सिद्ध करायचं नसतं, आणि ही डॉक्टरांविरुद्धची तक्रारही नसते. मेफेनॅमिक ॲसिडचा इशारा अशाच नोंदी तपासून आला होता. स्ट्रिपवरची माहिती फॉर्म भरताना लागते, म्हणून सगळं निस्तरेपर्यंत रिकामी स्ट्रिप टाकू नका.

उरलेल्या गोळ्या वरच्या फडताळात, मुलांच्या हाताबाहेर. शेजारच्या काकूंचाही गुडघा दुखतो म्हणून त्यांना देऊ नका. ट्रॅमाडॉल तर २०१८ पासून अमली पदार्थांच्या कायद्यात आहे, ते दुसऱ्याला देणं हा गुन्हा ठरू शकतो. आणि काकूंच्या ब्लडप्रेशरच्या गोळीपुढे एच आहे की नाही, ते तुम्हाला माहीत नसतं.